खदानीतली हाजरी

होळीची राख अजून वाऱ्यावर उडत होती, तेवढ्यात तिरोडीच्या पट्ट्यात गारा पडल्या. आणि त्या पुरत्या विरघळायच्या आत जुन्या खदानीत बेडूक गाऊ लागले. हे त्यांचं ऋतुमान नव्हे. पळस पेटलेला, मोह गळायला लागलेला, दुपारचा रस्ता डोळ्यांपुढं थरथरणारा. अशा दिवसांत बेडकानं हातभर मातीखाली, स्वतःच्या श्वासापुरत्या ओलाव्यात निपचित पडून राहायचं असतं. पण खदानीच्या काठानं गारांचं पाणी प्यायलं, आणि मातीखाली झोपलेल्यांना कुणीतरी उठवलं.

बातमी महागूनं फोनवर दिली. त्याचं शेत त्या खदानीला लागून होतं.

"साहेब, तुमचे ते बारके गवई आले बाप्पा. रातभर किर्र किर्र किर्र. डोयाले डोया नाई लागून राह्यला."

"बारकेच आहेत ना? नक्की?" नीळकंठनं विचारलं.

"आता मी काय पट्टी घेऊन मोजू का साहेब? आंगठ्याच्या नखावर बसन एवढं जनावर, अन् आवाज पाहा तं कारखान्याच्या भोंग्यावानी."

नीळकंठनं फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा शाळा सुटल्यासारखा झाला होता. बालाघाटच्या सिंचन विभागात तो उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, होता. उभा जन्म त्यानं पाणी अडवण्यात आणि सोडण्यात घालवला होता. जूनमध्ये निवृत्ती, मग घराला कुलूप, मग पुण्याला मुलीकडे, ईराकडे. कालव्यांच्या पाहण्या करता करता त्याला बेडकांचा नाद लागला, आणि त्याच्यामागून कालिंदीला. दिवसा सरकारी शाळेत हिंदी शिकवणारी ही बाई रात्री बांधावर पालथी पडून नवऱ्यासाठी टॉर्च का धरते, हे शेजारच्या बायकांना कधीच उलगडलं नव्हतं. खरं तर तिलाही शब्दांत सांगता आलं नसतं. अंधारात एका लहानशा जिवाकडे दोन माणसांनी एकाच वेळी निरखून पाहावं, यात संसाराचं काहीतरी होतं, एवढंच.

नीळकंठला एक फोटो हवा होता. बारका बेडूक गातो तेव्हा त्याच्या गळ्याची पिशवी त्याच्या डोक्याहून मोठी फुगते. पाठीमागून उजेड पडला तर ती पातळ कातडी कंदिलाच्या काचेसारखी आरपार पेटते, आणि आतली रेघ न् रेघ दिसते. पावसाळ्यात हे जमत नाही. गवत आडवं येतं, थेंब येतात, मोठे बेडूक मध्येच धडपडतात. वसंतातल्या अशा एखाद्या चुकार, कोरड्या, स्वच्छ रात्रीच ते जमण्याजोगं होतं. आणि असा वसंत आता पुन्हा यायचा नव्हता.

"पुण्यात पण असतात की बेडूक," गाडी काढताना कालिंदी म्हणाली.

"असतील. त्यांना पार्किंग मिळत असेल तर."

शनिवार होता. कटंगी मागं पडली तसं ऊन उतरलं. रस्त्याच्या कडेला मोहाखालचा पालापाचोळा लोकांनी जाळून झाडलोट करून ठेवली होती, म्हणजे पहाटे गळणारी फुलं वेचायला सोपी जातील. जळलेल्या पानांचा आणि मोहाचा गोडसर, डोकं जड करणारा वास गाडीत भरून राहिला.

"अहो, बूट घेतलेत ना? लांब वाले?"

"घेतले. कालिंदी, तुला एक विचारू? सत्तावीस वर्षं झाली. माझं नाव तुझ्या तोंडून मी फक्त एकदा ऐकलं. तेही उखाण्यात. आणि तेव्हा नेमका बँड सुरू झाला."

"मग? ऐकू नाही आलं तर माझा काय दोष?"

"एकदा घे की. इथं कोण आहे ऐकायला?"

"आई म्हणायची, नवऱ्याचं नाव वाऱ्यावर सोडू नये."

"आणि समजा, मी पाण्यात बुडायला लागलो. तेव्हा काय ओरडशील?"

"अहो, बुडू नका!" ती म्हणाली, आणि दोघंही इतकं हसले की पुढच्या वळणावर नीळकंठला गाडी हळू करावी लागली.

महागूच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली होती. त्यांच्या कडेकडेनं, पाय पडू न देता, शेवंताबाईनं खाट टाकली आणि काळा चहा आणला. महागू सत्तरीकडे झुकलेला, काटक. बोलताना एक डोळा बारीक करायची त्याला सवय होती. खदानीचं नाव निघालं तसा तो डोळा आणखी बारीक झाला.

"जा, पन गुपचूप जा. तठी नाव घेऊन कोनाले हाक मारू नोका. अन् कोनी मारली तं ओ नोका देऊ."

"आम्ही तिथं बोलतच नाही, महागू," नीळकंठ म्हणाला. "बोललं की बेडूक गप्प होतात."

"ते बरं हाय."

"काहून पण?" कालिंदीनं त्याच्याच बोलीत विचारलं, तशी शेवंताबाई तोंडाला पदर लावून हसली. महागू मात्र हसला नाही.

"माही माय होती मॅडम त्या खदानीत. दगड फोडाले. मी लहान होतो. सांज झाली का मुकादम वर कंगोऱ्यावर उभा राहे अन् एकेकाचं नाव घे. तीनदा घे. ज्यानं खालून ओ देल्ली त्याची हाजरी लागली. नाई देल्ली तं खाडा. मंग एका रातपाळीले पानी फुटलं. मांगच्या भिंतीतून. मुकादम वर उभा राहून नावं घेत राह्यला. एकेकाचं तीनदा. सकाय होयेपर्यंत घेत राह्यला." त्यानं बशीतला चहा संपवला. "तो मेला मंग. पन हाजरी नाई मेली."

"म्हणजे त्याचा आवाज येतो?"

"त्याचा आला असता तं वयखू आला असता, कोनी फसलं नसतं. आपल्याच मानसाच्या आवाजात येते ते. अन् ओ देल्ली का हाजरी लागली."

"मग काय होतं?"

"होते काय?" महागूला हा प्रश्न भोळसट वाटला असावा. "हाजरी लागली म्हंजे कामावर जा लागते."

नीळकंठनं डोळे मिचकावले. "आणि रजा?"

"खदानीत रजा कोठची साहेब!" आता महागूही हसला, आणि अंगणातली हवा सैल झाली. पण निघताना शेवंताबाईनं कालिंदीचा दंड धरला.

"बाई, दुसऱ्या गावात तिसरी हाक मानसाची असते म्हन्तात. अठी तसं नाई. अठी तिसरीले बी ओ नोका देऊ."

"आणि खरंच आपल्या माणसानं मारली तर? त्याला गरज असली तर?"

शेवंताबाईनं तिच्याकडे पाहिलं. "म्हनून तं आमी रातीचं तठी जात नाई," ती म्हणाली, आणि पातेलं उचलून आत गेली.

खदान एखाद्या तळ्यासारखी दिसत नव्हती. तळं जमिनीवर पसरतं; ही जमिनीतून कापून काढलेली होती. पश्चिमेला सरळ तुटलेली काळी भिंत, तिच्या पायथ्याशी खोल पाणी. पूर्वेला उतरता काठ, आणि त्याच्याजवळ जुन्या काळी मॅंगनीजचा दगड धुतल्यावर उरलेल्या गाळाचा सपाट पट्टा. वर चांदण्यांचं आभाळ आणि खाली तेच आभाळ, थोडं अधिक काळं, थोडं अधिक जवळ. आणि ह्या दोन आभाळांच्या मधे तो आवाज.

एका बेडकाचा आवाज म्हणजे फणीच्या दातांवरून फिरवलेलं नख. पण इथं शेकडो फण्या होत्या आणि शेकडो नखं. आवाज एका जागेहून येत नव्हता. तो पाण्यावर जाड सायीसारखा धरला होता, काठाकाठानं हलत होता, आणि थोडा वेळ ऐकलं की स्वतःच्या कवटीच्या आतून येतोय असं वाटू लागे.

ह्या गोंगाटात एका बेडकाला गाठायची त्यांची एक रीत होती. दोघांनी पंधरावीस पावलांच्या अंतरानं उभं राहायचं. एकच आवाज मनाशी धरायचा. डोळे मिटून, मान हळूहळू फिरवून, तो दोन्ही कानांत सारखा भरला की नाक जिकडे असेल तिकडे टॉर्च मारायची. दोघांचे झोत जिथं एकमेकांना छेदतील तिथं बेडूक. नीळकंठ ह्याला फुली म्हणे. फुली पडली की तो कॅमेरा घेऊन ताडपत्रीवर पालथा पडायचा, आणि कालिंदी वळसा घालून मागच्या बाजूनं उजेड द्यायची. सगळं मुक्यानं. खूण लाल कागद लावलेल्या टॉर्चची: एकदा म्हणजे इकडे ये, दोनदा म्हणजे हलू नकोस. इतक्या वर्षांत काठावर त्यांनी एकमेकांना एकदाही हाक मारली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती, जी कुणालाही सांगावी इतकी मोठी नव्हती. माणूस पाण्यात पाय टाकतो तेव्हा त्याच्याभोवतीचे बेडूक गप्प होतात. बाकीचे गात राहतात. म्हणजे गाण्याला एक भोक पडतं, आणि माणूस चालेल तसं ते भोक त्याच्यासोबत चालतं. डोळे मिटूनही कालिंदी सांगू शकत असे, नीळकंठ कुठं आहे. जिथं काहीच ऐकू येत नाही, तिथं तो असायचा.

त्या रात्री पहिल्या फुल्या चुकत गेल्या. बेडूक भिंतीजवळच्या गवतात होते, पोचता येण्याजोगे नव्हते. मग नीळकंठनं बोटानं दाखवलं: मी पूर्वेला, गाळाच्या काठानं, तू इथंच, दक्षिणेला. त्यानं कॅमेऱ्याच्या तिपाईचा एक पाय गाळात रोवून पाहिला. तो वीतभर रुतला आणि थांबला. नीळकंठनं मान हलवली. पाण्याची पारख ही त्याची पोटापाण्याची विद्या होती. तिपाई त्यानं कालिंदीच्या हातात दिली, ताडपत्रीही. काठावर एवढं ओझं नको म्हणून. मग त्याची टॉर्च कमी कमी होत गेली आणि शेवटी आभाळातल्या एखाद्या तांबूस ताऱ्याएवढी उरली.

कालिंदी उभी राहिली. वेळ गेला, किती ते तिला नंतरही सांगता आलं नाही, कारण त्या आवाजात वेळ मोजायला काहीच वेगळं घडत नव्हतं. तिनं एक आवाज धरला, मान फिरवली, झोत मारला. पलीकडून दुसरा झोत आला नाही.

तिनं लाल टॉर्च एकदा पेटवली. उत्तर आलं नाही.

गुंतला असेल, तिला वाटलं. एकदा आडवा झाला की त्याला जगाचं भान नसे.

तेव्हा हाक आली.

"कालिंदी."

आवाज नीळकंठचा होता. घाबरलेला नव्हता, मोठाही नव्हता. घरी चष्मा सापडत नसला की तो ज्या स्वरात हाक मारायचा, त्याच स्वरात. कालिंदीच्या घशात ओ इतकी सहज आली की ती ओठांपर्यंत पोचल्यावरच तिला कळलं, आणि तिनं दातांनी ओठ दाबून धरला. कशामुळं? महागूच्या गोष्टीमुळं नव्हे. तेव्हा तिला महागू आठवलाच नाही. आठवलं ते एवढंच, की काठावर हा माणूस बोलत नाही.

बेडूक गातच होते.

मग महागू आठवला, आणि त्याच्या मागून शेवंताबाईनं दंड धरून सांगितलेलं. कालिंदी शिकलेली बाई होती. अशा गोष्टी वर्गात मुलांना सांगताना ती हसून सांगे. पण इथं हसायला कुणी नव्हतं, आणि ते पाणी तिच्या हसण्याची वाट पाहत होतं असं तिला वाटलं.

"कालिंदी."

दुसरी. तोच स्वर, तोच चष्मा. हाकेत घाई नव्हती, आणि म्हणूनच ती सोसवेना. हा तोच असेल तर? पाय मुरगळला असेल, पडला असेल, आणि सत्तावीस वर्षं ज्याच्या प्रत्येक हाकेला आपण ओ दिली त्याला आज, नेमकं आज, एका म्हाताऱ्याच्या गोष्टीपायी आपण अंधारात मुकं सोडत असू तर? ओ द्यावी तर एक भीती. न द्यावी तर दुसरी. दोन्ही भीतींना चेहरा एकाच माणसाचा होता.

ओढणीचं टोक तिनं तोंडात धरलं. आणि मग जे तिला येत होतं तेच तिनं केलं. डोळे मिटले. मान हळूहळू फिरवली.

हाक आली होती पश्चिमेकडून. त्या सरळ भिंतीच्या पायथ्याकडून, जिथं पाणी सर्वांत खोल होतं. तिनं तिथल्या आवाजाला कान लावला. तिथं बेडूक गात होते. अखंड, दाट, एकही टाका न उसवता. हाकेच्या आधी गात होते, हाक चालू असताना गात होते, आताही गात होते. तिथं कुणी माणूस उभा नव्हता. ज्या गळ्यातून तिचं नाव आलं त्या गळ्याला बेडकांनी माणूस म्हणून मोजलंच नव्हतं.

तिनं मान पुढं फिरवली. उत्तर. ईशान्य. पूर्व.

तिथं भोक होतं.

लहानसं, खाटेएवढं. त्याच्या चारी बाजूंनी गाणं उसळत होतं आणि मधे काहीच नव्हतं. नाही म्हणायला एक बारीक आवाज होता, त्या भोकाच्या अगदी मधोमध. एकच फणी, एकच नख.

कालिंदी धावली. ताडपत्री काखेत, तिपाई हातात, डोक्याला बांधलेल्या, आता पेटवलेल्या दिव्याचा झोत दगडांवरून उड्या मारत पुढं. "अहो!" ती ओरडली. "अहो! अहो!" भिंतीनं तो शब्द परत पाठवला नाही. तो कुणाचं नाव नव्हता. त्याची हाजरी लागत नव्हती.

नीळकंठ छातीपर्यंत गाळात होता. डावा हात गाळावर पसरलेला, उजव्या हातानं कॅमेरा डोक्यावर धरलेला, मान मागं टाकलेली. डाव्या कानापर्यंत काळा चिखल. आणि त्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, गाळातून वर आलेल्या एका दगडावर, अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक बसला होता आणि गात होता.

"हळू," नीळकंठ कुजबुजला. "घाबरेल तो."

उत्तर द्यायचं तर ते शिवीतच आलं असतं. गाळाच्या कडेला तिनं ताडपत्री पसरली आणि तिच्यावर पालथी पडून, कोपरांवर सरकत पुढं गेली. पोटाखाली गाळ हलत होता, एखादं जनावर झोपेत कूस बदलतं तसा. तिपाई तिनं आडवी पुढं ढकलली. बेडूक उडाला. भोक पुरतं निःशब्द झालं.

"कॅमेरा टाका."

"दोरी गळ्यात—"

"टाका म्हणते ना! दोन्ही हातांनी धरा. पाय उचलू नका, मागं झोपा. खाटेवर झोपल्यासारखे."

तो झोपला. गाळानं त्याला सोडायला वेळ घेतला. आधी खांदे दिले, मग कंबर, मग एकेक मांडी. एक बूट मात्र स्वतःजवळ ठेवून घेतला. तो सुटताना झालेला आवाज एखाद्या मोठ्या तोंडानं घोट गिळल्यासारखा होता. दोघं काठावरच्या दगडगोट्यांवर आले तेव्हा बराच वेळ नुसती धाप ऐकू येत होती, आणि हळूहळू, भोकाच्या कडांकडून आत येत, ते गाणं पुन्हा त्यांच्याभोवती मिटत गेलं.

"हाक का नाही मारली?" कालिंदीनं विचारलं.

"तो गात होता ना. इतका जवळ कधी आला नव्हता." नीळकंठच्या दातांवर दात आपटत होते, तरी तो हसत होता. "मागून उजेड हवा होता. म्हटलं, टॉर्च त्याच्या पलीकडे दगडावर ठेवून येऊ, दोनच पावलं. गुडघ्यापर्यंत गेलो तेव्हाच खरं म्हणजे ओरडायला हवं होतं. पण ओरडलो असतो तर सगळे बंद पडले असते. मग कंबर गेली. टॉर्च गेली. आणि मग छातीवर असं वजन आलं की ओरडायला हवाच उरली नाही."

"दोनदा मारलीत तुम्ही."

"काय?"

"हाक. माझ्या नावानं. दोनदा."

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही, कालिंदी."

पश्चिमेच्या भिंतीकडे कालिंदीनं मुद्दाम पाहिलं नाही, आणि ताडपत्री घडी घालायला वाकली. चिखलानं ती जड झाली होती. तिच्यापुढं काही पावलांवर नीळकंठ दगडावर बसला, पाण्याकडे तोंड करून. उरलेला बूट काढून त्यानं उपडा केला. मग डावा कान हातानं पुसायला लागला. गाळ आतपर्यंत भरला होता. मधेच त्यानं कॅमेरा उचलून पाहिला.

"आला गं. पण चपटा आला. मागून उजेड नाही ना. तुझी टॉर्च दे बरं जरा. एकदाच. काठावरूनच, पाय नाही टाकत—"

"मुकाट्यानं चला."

"एकच मिनिट—"

आणि तेव्हा पाण्यावरून हाक आली.

"नीळकंठ!"

कालिंदीच्या हातातली ताडपत्री तशीच राहिली. तो तिचा आवाज होता. तिनं स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता, तरी तिनं तो ओळखला, जसा अंधाऱ्या आरशात आपला चेहरा ओळखावा. त्यात थोडी लाज होती, थोडा लडिवाळपणा. एकदाच, फार वर्षांपूर्वी, मांडवात बायकांच्या घोळक्यात तो शब्द उच्चारताना होता तेवढाच. ती हाक भिंतीच्या पायथ्याकडून आली होती, आणि तिथं बेडूक एकही टाका न उसवता गात होते.

नीळकंठला हे कळायला दोन कान हवे होते, आणि त्याला त्या क्षणी एकच होता. हाक कुठून आली हे त्याला समजलं नाही. कुणाची, एवढंच समजलं. दिव्याच्या झोतात कालिंदीला त्याची पाठ दिसली, ती हळूहळू ताठ झाली. मग वळणारा गाल दिसला, आणि त्या चिखलानं माखलेल्या गालावर आनंद पसरला. शेवटी घेतलं बाईनं नाव. एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. त्याचे ओठ गोल झाले.

दगडांवरून ती झेपावली आणि तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

तळहाताला त्याच्या ओठांचा गोल लागला, आणि त्या गोलातून आलेली ऊब. शब्द होता की नुसता श्वास, तिला सांगता येईना. तिला सांगता येईना, कारण त्याच क्षणी खदानीतले सगळे बेडूक एकदम थांबले. एकही उरला नाही. भोक आता त्यांच्याभोवती नव्हतं. ते काठापासून भिंतीपर्यंत होतं, आणि त्यात पाणी ऐकत होतं.

तिनं हात काढला तो मूठ मिटूनच. दुसऱ्या हातानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि चढणीला लावलं. मागं पाहिलं नाही. तोही अनवाणी लंगडत निघाला, शहाण्या मुलासारखा.

महागूच्या अंगणात पोचले तेव्हा पहाटेला अजून अवकाश होता, पण शेवंताबाई टोपली घेऊन मोहाकडे निघालीच होती. कंदील वर करून तिनं दोघांकडे पाहिलं; त्याच्या चिखलाकडे, मग कालिंदीच्या मिटलेल्या मुठीकडे.

"बलावलं का कोनी?"

"हौ," कालिंदी म्हणाली.

"ओ देल्ली?"

कालिंदीनं मूठ आणखी घट्ट केली. नीळकंठ बादलीतल्या पाण्यानं पाय धुत होता, आणि हे सगळं आपल्याला ऐकू येत नसल्यासारखा स्वतःशी काहीतरी गुणगुणत होता. फणीवरून नख फिरवावं तसं. शेवंताबाईनं कंदील खाली केला. आणखी काही न विचारता ती झाडाखाली गेली आणि वेचायला बसली.

गाडी कालिंदीनं चालवली. वाराशिवनीच्या अलीकडे उन्हाळी धानाची शेतं लागली. बांधाबांधातून कालव्याचं पाणी भरलेलं. त्याच कालव्याचं, जो नीळकंठनं मोजला होता. तिथंही बेडूक गात होते, साधे, घरगुती. नीळकंठनं डोकं खिडकीला टेकवलं होतं. तो झोपला असं तिला वाटलं, तेवढ्यात तो बोलला.

"सकाळी लवकर उठव मला."

"आज रविवार आहे."

"हो का?" तो जरा थांबला. "पण जायचंय."

"कुठं?"

त्यानं आठवून पाहिलं. कपाळावर आठी पडली, तशीच राहिली, आणि मग त्यानं समजूतदारपणे मान हलवली, जणू उत्तर इतकं उघड होतं की सांगायची गरज नव्हती. डोळे मिटून तो पुन्हा खिडकीला टेकला.

कालिंदीनं काचा वर घेतल्या. धानातला आवाज बाहेर राहिला. एका हातानं ती गाडी चालवत राहिली, आणि दुसऱ्या हाताची मूठ, जिच्यात त्याच्या तोंडची ऊब अजून होती, तिनं घरी पोचेपर्यंत उघडली नाही.